पहिल्याच वर्षी अजिंक्य!

२१ एप्रिल २०१४. मडगावचे फातोर्डा स्टेडियम. एका बाजूला देशाचे विजेतेपद पाच वेळा पटकावलेला गोव्याचा धेंपो संघ. आणि त्याच्या अंगणात उतरलेला पाहुणा कोण? ज्याच्या जन्माला अजून वर्षही झाले नव्हते, तो बंगळूरू एफसी! सामना संपला तेव्हा फलकावर ४-२ असा आकडा होता आणि आय-लीगचे अजिंक्यपद पाहुण्यांनी खिशात घातले होते.

या पराक्रमाचे मोल कळण्यासाठी त्या वर्षीच्या स्पर्धेवर नजर टाकायला हवी. १३ संघांपैकी चार कोलकात्याचे, चार गोव्याचे. पुणे आणि मुंबईचा प्रत्येकी एक. १९९६-९७ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाल्यापासून पंजाबचा जेसीटी आणि मुंबईचा महिंद्र युनायटेड वगळता विजेतेपद कोलकाता-गोव्याबाहेर गेलेच नव्हते.

बंगळूरला फुटबॉल नवा होता असे मात्र नाही. १९३७ मध्ये मुंबईची मानाची रोव्हर्स चषक स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय संघ होता बंगळूर मुस्लिम्स. पुढच्याच वर्षी त्याने ती पुन्हा जिंकली. लंडन ऑलिंपिक गाजवणारे अहमद खान याच शहराचे. नंतरच्या काळात एचएएल, आयटीआय अशा सरकारी कारखान्यांनी संघ पोसले. गल्लीत चेंडू बडवणाऱ्या पोराच्या आईला, खेळातून पोराला कायमची नोकरी लागेल ही आशा असायची. पण काळ बदलला. २०११-१२ च्या मोसमात एचएएलचा संघ वरच्या श्रेणीतून घसरला आणि पुढचे वर्ष बंगळूरचा एकही संघ तिथे नव्हता.

ही रिकामी जागा २०१३ मध्ये जेएसडब्ल्यू उद्योगसमूहाने भरली. संघाला थेट प्रवेश मिळाला. हाताशी पैसा होता, हे खरेच. पण पैसेवाले संघ आधीही होते आणि हात हलवत परतले होते. इथे प्रशिक्षक ॲशले वेस्टवूड यांनी तंदुरुस्ती आणि आहार यांची शिस्त लावली. मँचेस्टर युनायटेडच्या युवा संघात घडलेला हा माणूस हयगय खपवून घेणारा नव्हता. बचावात इंग्लंडचा जॉन जॉन्सन आणि केनियाचा कर्टिस ओसानो. आणि कर्णधार सुनील छेत्री. लिस्बनमध्ये राखीव संघातच अडकून पडलेला आणि आदल्या मोसमात चर्चिल ब्रदर्सबरोबर विजेतेपद चाखलेला छेत्री इथे पेटून खेळला. त्याचे गोल झाले १४.

२२ सप्टेंबर २०१३ रोजी अशोकनगरच्या जुन्या फुटबॉल स्टेडियमवर मोहन बागानशी १-१ अशी बरोबरी झाली, तीच पहिली लढत. २४ सामन्यांत १४ विजय, पाच बरोबरी, पाच पराभव आणि ४७ गुण. दुसऱ्या क्रमांकावरच्या ईस्ट बंगालचे गुण ४३.

आणखी एक गोष्ट त्या मोसमाने दिली, ती म्हणजे प्रेक्षक. रात्र रात्र जागून टीव्हीवर इंग्लंड-इटलीचे सामने पाहणारी तरुण मंडळी आता निळे सदरे घालून, ढोल बडवत आपल्याच शहराच्या संघासाठी ओरडू लागली. पश्चिमेकडच्या कट्ट्यावर बसणारी म्हणून त्यांचे नाव पडले ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’. पुढच्या मोसमात संघाने कंठीरवा स्टेडियममध्ये बिऱ्हाड हलवले, तेव्हा ही मंडळी आपले ढोल आणि आपले नाव घेऊन तिकडे गेली.