पुढच्या चाकातला 'खट्' आवाज कसा पकडायचा

(एपिसोडमध्ये जिथे आवाज वाजवलाय तिथे चौकटी कंसात लिहिलंय. बाकी बोलणं थोडं नीट करून तसंच ठेवलंय.)

आज थेट मुद्द्यावर येऊ. आधी हे ऐका.

[रेकॉर्डिंग: गाडी हळू चालतेय. खट्. खट्-खट्. मग शांत. परत खट्.]

हा आवाज आमच्या घरच्या गाडीचा आहे. आठ वर्षांची हॅचबॅक, पुढचं डावं चाक. रस्ता पेठ नाक्यावरून इस्लामपूर, आष्टा करत सांगलीला जाणारा, आणि स्पीड फक्त वीस-पंचवीस. साताऱ्यातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी एक चक्कर मारली आणि सांगितलं, "पुढची शॉकअपची जोडी बदला." एस्टिमेट साडेतेरा हजार. बाबा तयारच होते, कारण याच गाडीतून दर पंधरा दिवसांनी आजीला मिरजेला तपासणीला न्यायचं असतं आणि त्यांना रस्त्यात रिस्क नको होती.

मी म्हटलं, दोन दिवस द्या.

साडेतेरा हजार वाचवणं हे एकच कारण नव्हतं. पुढच्या चाकातून 'खट्' करणाऱ्या सात-आठ गोष्टी असतात. त्यातल्या बऱ्याच नुसत्या डोक्याला ताप असतात. पण दोन-तीन अशा असतात की चालत्या गाडीचं चाक हातातून जाऊ शकतं. चुकीचा पार्ट बदलला की पैसे तर जातातच, पण "काम झालंय" म्हणून आपण निर्धास्त होतो आणि खरा खराब पार्ट तसाच खाली बसून राहतो. मला भीती त्याची होती.

आता चाकाच्या मागे काय असतं ते पाहू, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९४० च्या दशकात ही रचना आणली. आपल्याकडे १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती हेच घेऊन. स्ट्रट म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब. वरचं टोक बॉनेटखाली बॉडीला रबरी माउंटने जोडलेलं. तिथे एक बेअरिंगही असतं, कारण स्टिअरिंग फिरवलं की हा अख्खा खांब फिरतो. खालचं टोक चाक धरणाऱ्या नकलला. नकल खाली बॉल जॉइंटवर बसतं, बॉल जॉइंट लोअर आर्मवर, आणि लोअर आर्म दोन रबरी बुशांनी गाडीच्या सांगाड्याला.

अजून एक गोष्ट असते, ती आजच्या गोष्टीची हिरोईन. डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एक वाकवलेला लोखंडी बार जातो, स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडी एका बाजूला कलंडू नये म्हणून. या बारची टोकं बऱ्याच गाड्यांत एका वीतभर दांडीने स्ट्रटला जोडतात. ती दांडी म्हणजे लिंक रॉड. तिच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट, वर रबरी टोपी. टोपी फाटली की आत पाणी आणि माती, ग्रीस बाहेर. मग खट्.

आवाज ऐकून पार्ट ओळखता येतो असं सांगणारे खूप भेटतील. मला ते फारसं पटत नाही. लोखंड लोखंडावर आपटलं की सगळीकडे खट्च होतं, आणि बॉडीतून आवाज असा फिरतो की डावीकडचा उजवीकडे वाटतो. आवाज *कसा* आहे यापेक्षा तो *कधी* येतो हे जास्त कामाचं. सॉफ्टवेअरमध्ये बग आला की आम्ही आधी तो हवा तेव्हा परत आणता येतो का ते बघतो. इथेही तेच. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पण त्याआधी, आजच्या आज, दोन मिनिटांचं काम. चाकाचे नट पान्याने तपासा. नुकतंच पंक्चर काढलं असेल, टायर बदलले असतील तर नक्कीच. नट ढिले असले तरी खट्खट् होते आणि त्यावर थांबून विचार करायला वेळ नसतो. मग डिक्की रिकामी करा. जॅक, पाना, स्टेपनी, बाबांची ती जुनी छत्री, सगळं बाहेर. हसू नका.

आता रस्त्यावर. आवाज ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्सवरून पुढे जाताना एकदाच, जड, धप् असा येतो? लोअर आर्मचे बुश बघा. बुश फाटला की ब्रेक मारल्यावर आर्म पुढे-मागे सरकतो. आवाज हलका 'टक्' आहे आणि रिव्हर्सनंतरच्या पहिल्या ब्रेकला येतो? ते बहुतेक ब्रेक पॅड आपल्या जागेत सरकतंय. थोडंसं चालतं, पण कॅलिपरचे बोल्ट घट्ट आहेत ना ते बघून घ्या. गाडी उभी असताना नुसतं स्टिअरिंग फिरवल्यावर टंग् करून स्प्रिंग सुटल्यासारखा येतो? वरचा माउंट किंवा त्याचं बेअरिंग. पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिला की कट-कट-कट, चाकाच्या वेगाबरोबर वाढणारा? तो एक्सलचा बाहेरचा जॉइंट. यवतेश्वरच्या वळणांवर येतो की नाही तेवढंच बघू नका, मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, दोन्ही बाजूंना.

आमच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. ब्रेकला नाही, वळवताना नाही. शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनवर मात्र भरपूर, आणि हायवेच्या सपाट भागावर शून्य.

मग एक प्रयोग केला, तो तुम्हीही करू शकता. रिकामा स्पीडब्रेकर शोधा. आधी सरळ जा, दोन्ही पुढची चाकं एकदम चढतील अशी. मग परत येऊन तिरके जा, म्हणजे आधी एक चाक चढेल, मग दुसरं. स्पीड तोच, दहाच्या आसपास.

[रेकॉर्डिंग: सरळ, आवाज नाही. तिरकं, खट्-खट्.]

फरक ऐकला? दोन्ही चाकं एकदम वर गेली की स्टॅबिलायझर बार आपल्या बुशांत नुसता फिरतो, त्याला पीळ बसत नाही, त्यामुळे लिंक रॉडवर फारसा जोर येत नाही. एकच चाक वर गेलं की बार पिळतो आणि सगळा जोर लिंक रॉडवर. शॉकअप खराब असता तर दोन्ही वेळा बोलला असता. शॉकअपसाठी बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडूनही बघितला. एकदा वर आला आणि बसला. हत्तीसारखा डुलत राहिला असता तर गोष्ट वेगळी. गॅरेजवाल्यांना डाव्या शॉकअपवर तेलाचा ओलावा दिसला होता. पण नुसती ओलसर धूळ वेगळी आणि ओघळणारं तेल वेगळं.

म्हणजे संशय लिंक रॉडवर. गंमत पुढे आहे. गाडी साताऱ्यात एका बाजूने जॅकवर घेतली, स्टँड लावला (नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात-डोकं कधीच घालायचं नाही, हे एकदाच सांगतो), आणि लिंक रॉड हलवून बघितला. एकदम घट्ट. जराही हलेना.

उत्तर सांगलीत मिळालं. माधवनगर रोडला मामाच्या ओळखीचे एक मेस्त्री आहेत. त्यांना सगळं सांगितलं, तर त्यांनी जॅककडे बघितलंही नाही. म्हणाले, "एक चाक लोंबत ठेवलंस की बार ताण धरतो. लिंक त्या ताणातच अडकून बसती, मग खुळखुळायची कशी? चारी चाकं भुईवर असू दे की."

स्टिअरिंग बाहेर वळवलं, इंजिन बंद, हँडब्रेक. त्यांनी चाकामागे हात घालून लिंक धरली आणि मला म्हणाले, गाडी बाजूने हलव. मी छताला धरून हलवली. "ये, हात लाव." बोटांना स्पष्ट टिक् लागत होतं. हात घालायचा नसेल तर मोबाइल स्लो मोशनवर ठेवून लिंकच्या टोकाचा व्हिडिओ काढा आणि दुसऱ्याला गाडी हलवू द्या. बॉल आपल्या वाटीत उडी मारताना दिसतो. मी काढलाय, पेजवर टाकतोय.

तरी मेस्त्रींनी पार्ट मागवला नाही. त्यांनी दोन्ही बाजूंच्या लिंक सोडल्या, कशाला लागणार नाहीत अशा तारेने बांधल्या आणि म्हणाले, "जा, एक चक्कर मारून ये. हळू." बार सुटलेला असताना गाडी वळणावर जास्त कलते, म्हणून हे गल्लीत, रिकाम्या रस्त्यावर, माहितीतल्या माणसाच्या देखरेखीखाली. मी त्याच खड्ड्यांतून गेलो. आवाज नाही. एकदाही नाही. आमच्यात याला बायसेक्ट म्हणतात. मेस्त्रींच्या भाषेत, "सोडून बघायचं."

काढलेली डावी लिंक आडवी धरली तर वरचा बॉल स्वतःच्या वजनाने खाली पडत होता. चांगल्या लिंकचा बॉल हाताने फिरवायला जोर लागतो. उजवीही ढिली झाली होती, म्हणून जोडीच बदलली. मजुरीसकट सोळाशे रुपये. डावी आधी का गेली? कडेने चालणाऱ्या गाडीचं डावं चाक साइडपट्टीच्या खाचेत सारखं उतरतं-चढतं. ऊसाच्या सीझनला समोर डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर असला की ओव्हरटेक होईपर्यंत आपण अर्धे कच्च्या साइडपट्टीवरच असतो.

निघताना मी विचारलं की लिंकच निघाली म्हणून बरं, बॉल जॉइंट असता तर? तेव्हा मेस्त्री पहिल्यांदा गंभीर झाले. लिंक तुटली तर गाडी कलेल, आवाज करेल, घरी पोचाल. लोअर आर्मचा बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं आणि गाडी बसते. म्हणून लिंक सापडल्यावरही त्यांनी तो तपासलाच. यावेळी गाडी वर घेऊन, स्टँडवर. टायरखाली टॉमी घालून चाक वर उचलायचं आणि जॉइंटवर नजर ठेवायची. उभी हालचाल दिसली तर गाडी तिथून हलवायची नाही, पार्ट तिथेच आणायचा. मग चाक घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवायचं, मग ३ आणि ९ वर. ३-९ ला खुळखुळलं तर टाय रॉडकडे बघायचं, १२-६ ला खुळखुळलं तर बेअरिंग किंवा परत बॉल जॉइंट. आमचं सगळं घट्ट होतं. मग कुठे चाक लावलं.

दोन शेवटच्या गोष्टी, कारण बिलात या येतात. लिंक रॉड बदलल्यावर अलाइनमेंट करायची गरज नसते, त्याने चाकाचा कोन बदलत नाही. लोअर आर्म किंवा टाय रॉड बदलला तर मात्र करून घ्या. आणि लोअर आर्मचा नवा बुश बसवला तर त्याचा शेवटचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायला सांगा. हवेत लोंबत असताना आवळला की गाडी खाली आल्यावर रबराला कायमचा पीळ राहतो, आणि काही महिन्यांत तो फाटून तुम्ही परत याच एपिसोडवर याल.

तुमच्या गाडीचा आवाज पाठवायचा असेल तर व्हॉइस नोटबरोबर हे लिहा: गाडी कुठली, स्पीड किती, ब्रेक दाबलेला होता का, स्टिअरिंग कुठे वळलेलं होतं, आणि स्पीडब्रेकर तिरका घेतल्यावर काय झालं. नुसतं "खट् वाजतंय" लिहू नका, ते सगळ्यांचंच वाजतं.