गिटारला किती वॉट लागतात?

शाळेचे स्नेहसंमेलन, सोसायटीचा गणपती, वाचनालयाचा छोटा कार्यक्रम अशा ठिकाणी पेटी-तबल्याच्या जोडीने आता गिटारही दिसते. वाजवणारा बहुधा अकरावी-बारावीचा किंवा कॉलेजातला विद्यार्थी असतो, गाणारी त्याची वर्गमैत्रीण आणि ऐकायला पन्नास-साठ माणसे. अशा कार्यक्रमासाठी मंडपवाल्याचे मोठे खोके भाड्याने आणायचे, की एका माणसाला उचलून नेता येईल असा संच विकत घ्यायचा, हा प्रश्न शेवटी विज्ञानाच्या शिक्षकांकडे येतो. विजेशी संबंध असलेले सगळेच त्यांच्याकडे येते! दुकानात गेले की पहिला प्रश्न कानावर पडतो, 'किती वॉटचा पाहिजे?' या प्रश्नाचे उत्तर दहावीच्या विद्यार्थ्यालाही आकडेमोड करून काढता येते आणि ते बहुतेकांना वाटते त्यापेक्षा फारच लहान निघते.

उदाहरणासाठी हडपसर घेऊ. पुणे-सोलापूर रस्ता या उपनगराच्या मधोमध जातो. रस्त्याच्या कडेला बोलायचे तर आवाज चढवावा लागतो. पण त्याच रस्त्यापासून दोन-तीन इमारती आत गेले की चौकात पाखरांचा आवाजही ऐकू येतो. एकच गिटार, एकच गायिका आणि एकच श्रोतृवर्ग या दोन जागी नेऊन बसवला तर काय होईल ते पाहू.

आधी डेसिबेलची उजळणी. ध्वनीची शक्ती दहापट झाली की पातळी १० डेसिबेलने वाढते. दुप्पट झाली की सुमारे ३ डेसिबेलने. कानाला मात्र १० डेसिबेलची वाढ साधारण 'दुप्पट मोठा आवाज' अशी जाणवते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की पातळी ६ डेसिबेलने घटते, कारण तीच शक्ती चौपट क्षेत्रफळावर पसरते. दुकानदाराने '५० ऐवजी १०० वॉटचा घ्या' म्हटले, तर तो आपल्याला फक्त ३ डेसिबेल जास्त विकत असतो. एवढा फरक लक्ष देऊन ऐकले तरच कळतो.

गाण्याच्या साथीला वाजवलेली गिटार एक मीटरवर साधारण ७० डेसिबेल आवाज देते असे धरू. आठ मीटरवर, म्हणजे शेवटच्या रांगेत, अंतर तीनदा दुप्पट झाले. १८ डेसिबेल वजा करून उरले ५२. आतल्या चौकातही दिवसा ५५ डेसिबेलच्या आसपास आवाज असतोच. म्हणजे शेवटच्या रांगेला गिटार दिसते, पण नीट ऐकू येत नाही. तिला १५ डेसिबेल वर उचलली, एक मीटरवर ८५ केली, की शेवटच्या रांगेत ६७ मिळतील, भोवतालच्या आवाजापेक्षा १२ जास्त. बसून ऐकायला एवढे पुरते.

आता स्पीकरकडे वळू. प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात त्याची संवेदनक्षमता दिलेली असते. त्याला एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबेल मिळतात, हा तो आकडा. साध्या आठ इंची स्पीकरसाठी ९० धरायला हरकत नाही. आपल्याला ८५ हवेत, म्हणजे एक वॉटसुद्धा नको. वॉटचा एक-तृतीयांश पुरे! अर्थात ही सरासरी झाली. तार छेडल्याच्या क्षणी आवाजाचे टोक सरासरीपेक्षा बरेच उंच जाते. त्यासाठी १५ डेसिबेल राखून ठेवले तर सुमारे दहा वॉट होतात. गायिकेचा वाटा आणि थोडी शिल्लक धरून ३० ते ५० वॉटचा संच या कार्यक्रमाला पुरून उरतो.

तोच कार्यक्रम मुख्य रस्त्याच्या कडेला नेला तर? तिथे रहदारीचाच आवाज ७० डेसिबेल धरला, तर शेवटच्या रांगेत ८० तरी हवेत, म्हणजे एक मीटरवर ९८. सरासरी सहा वॉट आणि टोकांना दोनशे वॉट. जागा बदलताच वीसपट शक्ती लागली. शिवाय पहिल्या रांगेच्या कानांचे हाल होतात ते वेगळेच. म्हणून माझे मत असे की ॲम्प्लिफायर निवडण्याआधी जागा निवडावी. खुर्च्या आठऐवजी चार मीटरच्या आत अर्धवर्तुळात मांडल्या तर ६ डेसिबेल फुकट मिळतात, आणि दुकानात त्यासाठी चौपट वॉट मोजावे लागले असते.

या हिशेबाला कायद्याचीही बाजू आहे. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल आहे. शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचे १०० मीटर 'शांतता क्षेत्र' म्हणून जाहीर करता येतात आणि तिथे त्या मर्यादा ५० आणि ४० आहेत. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा फार तर ५ डेसिबेल जास्त चालतो. आपले ८५ डेसिबेल ३२ मीटरवर जाईपर्यंत ५५ झालेले असतात. रस्त्याकडेचे ९८ मात्र तिथेही ६८ असतात. शेजारच्या इमारतीत उद्या परीक्षा असलेली मुले असतात, हे शिक्षकांना सांगायला नकोच. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही; सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्या सणांच्या दिवशी बारापर्यंत सूट असते.

खोक्यावर छापलेल्या वॉटचे काय, असे कोणी विचारील. एके काळी टेपरेकॉर्डरवर आणि नंतर संगणकाच्या चिमुकल्या स्पीकरवरही 'पीएमपीओ' म्हणून हजार-हजार वॉट छापलेले असत. त्या आकड्याला भौतिकशास्त्रात अर्थ नाही. खरा आकडा सतत देता येणाऱ्या शक्तीचा, ज्याला आरएमएस म्हणतात तो. तो दिला नसेल तर अ‍ॅडॉप्टर उलटा करून पाहावा. त्यावर '१२ व्होल्ट, ३ अँपिअर' लिहिले असेल तर गुणाकार ३६ वॉट होतो. आत जाते त्यापेक्षा जास्त शक्ती सतत बाहेर येऊ शकत नाही, मग खोक्यावर ३०० लिहिलेले असो. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवायला इतके चांगले उदाहरण शोधून सापडायचे नाही.

स्पीकरचा प्रकार हा वॉटपेक्षा महत्त्वाचा प्रश्न आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्याहून निघून हडपसरला विसावतात आणि पुढे एक सासवडच्या, तर दुसरी लोणी काळभोरच्या वाटेला लागते. अशा गर्दीत सूचना द्यायच्या तर पत्र्याच्या कर्ण्याला तोड नाही. तो थोड्या विजेत मोठा आवाज देतो आणि शब्द स्पष्ट पोचवतो. पण त्याच कर्ण्यातून मृदंग ऐकला तर धुमेचा घुमारा नाहीसा होतो. कर्णा साधारण ३०० हर्ट्झच्या खालचे स्वर नीट बाहेर टाकतच नाही. गिटारच्या सर्वांत जाड तारेची वारंवारता ८२ हर्ट्झ आणि मोकळ्या सर्वांत बारीक तारेची ३३० हर्ट्झ. म्हणजे कर्ण्यावर गिटारच्या मोकळ्या तारांपैकी पाच तारांचे मूळ स्वर हरवतात आणि उरतात ते त्यांचे वरचे उपस्वर.

याउलट इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प्लिफायर. मित्राकडे असतो म्हणून तो पुष्कळदा आणला जातो. त्यात एकच मोठा स्पीकर असतो, बारीक आवाजाचा ट्वीटर नसतो आणि पाच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही बाहेर पडत नाही. इलेक्ट्रिक गिटारला ते मानवते. लाकडी गिटारची चकाकी मात्र त्या वरच्या उपस्वरांतच असते. ती या खोक्यातून गोधडीखाली वाजवल्यासारखी वाटते. गाण्याचे शब्दही बोथट होतात. आपल्याला हवा तो आठ इंची किंवा दहा इंची स्पीकर आणि सोबत ट्वीटर असलेला संच.

तिसरा प्रकार कॉलमचा. एकावर एक लहान स्पीकर बसवलेली ही उभी पेटी आपल्याकडच्या सभागृहांत आणि देवळांत जुनीच आहे; आता तिची हलकी, घडी घालण्याजोगी रूपे मिळतात. एक मीटर उंचीचा कॉलम ३४० हर्ट्झच्या वरचा आवाज आडवा पसरवतो, वर-खाली फारसा जाऊ देत नाही, कारण त्या वारंवारतेला तरंगलांबी कॉलमच्या उंचीपेक्षा लहान होते. छताकडे आणि फरशीकडे कमी आवाज गेल्याने सभागृह कमी घुमते. जवळच्या काही मीटरांत त्याचा आवाज अंतराबरोबर हळू घटतो, त्यामुळे पहिली आणि शेवटची रांग यांच्यातला फरक कमी होतो. किंमत जास्त असते, पण पत्र्याच्या छताच्या घुमणाऱ्या सभागृहात नेहमी कार्यक्रम होत असतील तर मी वॉट कमी करून कॉलम घेईन.

आता गिटार आणि ॲम्प्लिफायर यांचा सांधा. बहुतेक गोंधळ इथेच होतो. लाकडी गिटारमध्ये घोडीखाली दाबविद्युत स्फटिकाची पट्टी बसवतात. स्फटिकावर दाब पडला की विद्युत प्रभार निर्माण होतो, हे पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवले. ही पट्टी म्हणजे एक इवलेसे धारित्र असते, धारिता एक नॅनोफॅरडच्या आसपास. ती ज्या रोधाला जोडू त्याच्याशी मिळून ती एक गाळणी बनवते. २, पाय, रोध आणि धारिता यांच्या गुणाकाराने एकाला भागले की जी वारंवारता येते, तिच्या खालचे स्वर ही गाळणी अडवते. माइकच्या इनपुटचा रोध दहा हजार ओहम धरला तर हे उत्तर सोळा हजार हर्ट्झ येते! म्हणजे सगळी गिटारच अडली; ऐकू येतो तो पत्र्यासारखा किरकिरा आवाज. दहा लाख ओहमला उत्तर १६० हर्ट्झ, आणि एक कोटी ओहमला १६ हर्ट्झ. म्हणून गिटारसाठी केलेल्या इनपुटवर एक ते दहा मेगाओहम असा आकडा असतो, आणि खरेदी करताना तो पाहावाच. गिटारच्या कडेला बटणे आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीचे खण असेल तर हे काम गिटारमधलाच छोटा ॲम्प्लिफायर करतो आणि मग इनपुटची इतकी चिंता नको. मात्र आवाज एकाएकी किरकिरा किंवा फाटका झाला तर आधी ती बॅटरी बदलून पाहावी.

हे वर्गात दाखवता येते. बझरमधली पितळी चकती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात थोड्या पैशांत मिळते. तिची धारिता सुमारे २० नॅनोफॅरड. तिला दोन तारा डाखून ती चिकटपट्टीने गिटारच्या किंवा बुलबुलतरंगाच्या पाटीवर लावावी आणि एकदा माइकच्या, एकदा गिटारच्या इनपुटला जोडावी. पहिल्या जोडणीत ८०० हर्ट्झच्या खालचा भाग कमी झालेला विद्यार्थ्यांना स्वतःच्या कानांनी कळेल.

माइक 'शिट्टी मारतो' तेव्हा स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून पुन्हा वाढवला जात असतो. एका फेरीत आवाज जेवढा घटतो तेवढाच वाढवला गेला की चक्र थांबत नाही. गिटारच्या बाबतीत शिट्टीऐवजी हुंकार उठतो. गिटारच्या पोकळीतली हवा १०० हर्ट्झच्या आसपास अनुनाद देते, आणि स्पीकरने तिला हलवले की पिकअप ते पकडतो. उपाय साधे आहेत. गायिकेने माइक ओठांजवळ धरावा. अंतर निम्मे केले की ६ डेसिबेलची फुरसत मिळते. स्पीकर कलाकारांच्या थोडा पुढे आणि बाजूला, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावा, कारण गाण्याचे बहुतेक माइक मागच्या बाजूने कमी ऐकतात. गिटारच्या भोकावर बसणारे रबरी झाकण मिळते, ते लावावे. तरीही हुंकार राहिला तर विशिष्ट वारंवारता कापणारे बटण, असल्यास, हळूहळू फिरवावे. खर्जाचे बटण सरसकट शून्यावर नेऊ नये, नाहीतर कर्ण्याच्या वाटेने परत जायचे.

बॅटरीचा हिशेब तोंडी करता येतो. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी ८४ वॉट-तास साठवते; तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मेच वापरावेत, म्हणजे ४२. चाळीस वॉटचा जुन्या धर्तीचा ॲम्प्लिफायर संगीत वाजवताना सरासरी १५ ते २० वॉट खातो, उष्णतेतच पुष्कळ जातात. दोन तास जेमतेम. 'डी' वर्गाचा नवा ॲम्प्लिफायर तेच काम निम्म्याहून कमी विजेत करतो आणि हलकाही असतो, म्हणून बॅटरीचा संच घेताना हा वर्ग विचारून घ्यावा. वजन दहा किलोच्या आत असावे. दुचाकीवरून न्यायचा आहे.

एक गोष्ट विक्रेता मोठ्या कौतुकाने दाखवील, ती ब्लूटूथ. मध्यंतरात मोबाइलवरची गाणी लावायला ती ठीक आहे. पण त्या जोडणीत आवाज सहसा सेकंदाचा दहावा भाग किंवा अधिक उशिरा येतो. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून ३४ मीटर जातो, म्हणजे स्पीकर मैदानाच्या पलीकडे ठेवल्यासारखेच झाले. वाजवणाऱ्याचा ताल त्यात टिकणार नाही. गिटारला वायरच लावावी, आणि दुकानात संच तपासताना आपली गिटार सोबत न्यावी. मोबाइलवरचे गाणे वाजवून इनपुटच्या रोधाबद्दल काहीही कळत नाही.