शिकविणाऱ्यानेही आधी शिकावे
कारखान्यातील महिलांचा लैंगिक छळ आणि प्रशिक्षकाची पारख

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढल्यावर एक गोष्ट पक्की कळते. चांगला कारीगर चांगला उस्ताद असतोच असे नाही. साचा चालविणे वेगळे आणि नव्या पोराला साचा शिकविणे वेगळे. कामाच्या ठिकाणी होणारा महिलांचा लैंगिक छळ कसा रोखावा, हे शिकविणाऱ्यांनाही हीच गोष्ट लागू पडते. या विषयावर कारखान्यात येऊन तास-दोन तास बोलणारे हल्ली पुष्कळ मिळतात. त्यांना कोणी आणि काय शिकविले, हे मात्र आपण विचारीत नाही.

मीही विचारले नव्हते. काही वर्षांपूर्वी माझ्या शिलाई विभागात असे एक व्याख्यान ठेवले. वक्ते वकील होते. पाऊण तास त्यांनी कलमे वाचली, तीही निम्मी इंग्रजीत. पुढच्या खुर्च्यांवर मी, मुनीम आणि मास्टर, तर चेकिंग व धागा कटिंगच्या महिला मागे सतरंजीवर. 'कोणाला काही विचारायचे आहे?' असे शेवटी विचारले गेले, पण कोणी तोंड उघडले नाही. चहा झाला, फोटो झाला, कागद फाईलला लागला. पुढच्या महिन्यात धागा कटिंगची एक मुलगी यायची बंद झाली. मजुरीवरून गेली असेल, असे मी धरून चाललो. चार महिन्यांनी तिच्या खाला घरी आल्या आणि खरे कारण सांगितले. मास्टर तिला त्रास देत होता. व्याख्यानाच्या दिवशी ती त्या वकील साहेबांपाशी गेलीही होती. 'लेखी अर्ज दे, मग बघू,' एवढे बोलून ते गाडीत बसले. मुलीला लिहिता येत नव्हते.

कायदा काय सांगतो?

राजस्थानातील भंवरीदेवी या सरकारी महिला विकास कार्यक्रमात काम करीत आणि बालविवाहास विरोध करीत. त्यांच्यावर १९९२ साली सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सर्व मालकांसाठी मार्गदर्शक नियम घालून दिले. पुढे २०१३ चा कायदा झाला व तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे.

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती नेमावी लागते. तिची अध्यक्ष महिला असावी, निम्म्याहून कमी महिला नसाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा. दहापेक्षा कमी कामगार असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. रोजंदारीवरील, शिकाऊ आणि ठेकेदारामार्फत आलेली महिलाही या कायद्यात येते. 'ती आमची कामगारच नाही' ही सबब चालत नाही.

कामगारांसाठी ठराविक काळाने जागृतीचे कार्यक्रम घेणे आणि समितीच्या सदस्यांना वेगळे प्रशिक्षण देणे ही कलम १९ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. कसूर केल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होतो. पुन्हा केल्यास दंड दुप्पट होतो आणि परवानाही जाऊ शकतो. परंतु हे शिकविणाऱ्याने कोणती परीक्षा दिलेली असावी, हे या कायद्यात कोठेही लिहिलेले नाही. म्हणून पारख आपल्यालाच करावी लागते.

प्रशिक्षकाला काय यावे?

पहिली गोष्ट, कायदा वाचून दाखविता येणे पुरेसे नाही, तो लावता यावा. तक्रार लेखी हवी आणि साधारणपणे तीन महिन्यांच्या आत हवी, हे बरोबर. पण ज्या महिलेला लिहिता येत नाही, तिला लिहून घेण्यास मदत करणे हे समितीच्या अध्यक्षांचे काम आहे, असे त्याच कलमात आहे. आमच्या वक्त्यांनी अर्धेच कलम सांगितले आणि त्या अर्ध्यामुळे मुलीचा रस्ता बंद झाला.

दुसरी गोष्ट, धंद्याची माहिती. कांडीवाली, घडी घालणारी, काज-बटण करणारी यांच्यावर कोणाचा हात चालतो? माल रिजेक्ट कोण करतो, उचल कोण देतो, पीस कोण मोजतो? दबाव तेथूनच येतो. 'आज उशिरापर्यंत थांब, तुझे पीस पास करतो,' हे वाक्य कागदावर साधे दिसते. शिकविणाऱ्याने आधी कारखाना फिरून पाहिला असेल, तरच त्याला त्यातला अर्थ कळेल.

तिसरी गोष्ट, ऐकणे. तास संपल्यावर कोणीतरी हळूच जवळ येणार, हे धरूनच प्रशिक्षकाची तयारी हवी. तिला आडोशाला बसवावे, न टोकता ऐकावे, खरे-खोटे ठरवू नये, समितीत कोण आहे ते सांगावे आणि बोलणे चारचौघांत नेऊ नये. हे पुस्तकातून येत नाही, जाणत्या माणसासमोर सराव करून येते.

चौथी गोष्ट, पुरुष कामगारांशी बोलणे. 'खोटी तक्रार केली तर?' हा प्रश्न दर वेळी निघतो. त्यावर चिडून किंवा हसून भागत नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्यास कारवाईची तरतूद आहे, पण तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हे शांतपणे समजावता आले पाहिजे.

पाचवी गोष्ट, चौकशीची रीत. समितीला ९० दिवसांत चौकशी पुरी करावयाची असते, पण घाईही नको. गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाविरुद्ध २००९ साली विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने घाईने सुनावण्या उरकल्या आणि बचावाची पुरती संधी दिली नाही, म्हणून १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीचा आदेश रद्द करून प्रकरण परत समितीकडे पाठविले. चौदा वर्षे गेली. तक्रारदारांना न्याय मिळाला नाही आणि आरोपीचाही निकाल लागला नाही. समितीला नीट शिकविले नाही, तर नुकसान दोन्ही बाजूंचे होते.

आपण काय करावे?

बोलावण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. आपण कोणाकडे शिकलात? कोणाच्या देखरेखीखाली वर्ग घेतले? आमच्या महिलांच्या भाषेत बोलाल का? आणि कामगार, मास्टर-मुकादम व समिती यांना वेगवेगळे बसवाल का? 'एकाच तासात सर्व उरकतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा. मालकाविरुद्धची तक्रार कोठे करावी, हे मालकासमोर सांगण्यास जो कचरतो, तोही आपल्या उपयोगाचा नाही.

लहान कारखानदारांना एकट्याने हा खर्च झेपत नाही. त्यांच्या संघटनेने दोन-तीन जाणत्या महिला निवडाव्यात. निवृत्त शिक्षिका, वकील, अनुभवी सुपरवायझर, कोणीही चालेल. त्यांना चांगल्या संस्थेकडे पाठवावे, पहिले काही वर्ग जाणकारांसमोर घ्यायला लावावेत, चुका दुरुस्त करवाव्यात, मगच गल्लीगल्लीतील कारखान्यांत पाठवावे. उर्दू व मराठी दोन्ही येणाऱ्या असल्यास उत्तम. आपल्याकडे शागीर्द असाच तयार होतो.

माझ्याकडे नंतर ज्या बाई आल्या, त्या आदल्या दिवशी येऊन दोन तास विभागात फिरल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाहेर बसविले. त्या दिवशी महिला बोलल्या. समिती बसली, चौकशी झाली आणि मास्टरला जावे लागले. ती मुलगी मात्र परत आली नाही. मी दोनदा निरोप पाठविला होता.