लांबणारा रोबोहात आणि अचूकतेचे गणित

सरळ रेषेत पुढे सरकून लांब होणारा यांत्रिक हात रोबोशास्त्रात नवा नाही. व्हिक्टर शाइनमन यांनी १९६९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात घडवलेल्या ‘स्टॅनफर्ड आर्म’च्या सहा सांध्यांपैकी पाच फिरणारे होते आणि एक सरकणारा. आज असा सरकता सांधा हौशी माणसाला घरच्या टेबलावर बनवता येतो. थ्रीडी प्रिंटरच्या प्रसारामुळे त्याला लागणाऱ्या मोटरी, स्क्रू आणि रूळ सहज मिळू लागले आहेत. हात हलवणे त्यामुळे सोपे झाले. तो दर वेळी ठरल्या जागी नेमका थांबवणे मात्र अजूनही कौशल्याचे काम आहे.

अचूकतेची मापे तीन. यंत्राला देता येणारी सर्वांत लहान हालचाल किती, हे पहिले. एकाच जागी पुन्हा पुन्हा पाठवल्यावर टोक किती फरकाने थांबते, हे दुसरे. सांगितलेले अंतर आणि प्रत्यक्ष कापलेले अंतर यांत तफावत किती, हे तिसरे. पहिले माप मोटर आणि स्क्रू पाहून कागदावरच काढता येते; उरलेली दोन हाताच्या बांधणीवर अवलंबून असतात.

म्हणून आराखड्याची सुरुवात सांगाड्यापासून करावी. एका टोकाला घट्ट धरलेल्या आणि दुसऱ्या टोकाला वजन पेलणाऱ्या तुळईचा झोल तिच्या लांबीच्या घनाप्रमाणे वाढतो. २० मिलिमीटर बाजूची, २ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची चौकोनी नळी ३०० मिलिमीटर बाहेर काढून टोकाला अर्धा किलो वजन टांगले, तर त्या वजनाने ती सुमारे ०.०८ मिलिमीटर झुकते. लांबी ६०० मिलिमीटर केली की हाच झोल आठपट, म्हणजे सुमारे ०.६४ मिलिमीटर होतो. तेव्हा हात गरजेपेक्षा लांब करू नये. भरीव दांड्यापेक्षा नळीच घ्यावी: वरच्या मापाच्या नळीचे वजन तेवढ्याच भरीव दांड्याच्या ३६ टक्के असते, पण ताठपणा ५९ टक्के टिकतो. हात स्वतः हलका झाला की त्याच्या वजनाने येणारा झोलही घटतो.

दुसरा प्रश्न हाताला सरळ रेषेत ठेवणाऱ्या आधाराचा. रुळावर सरकणाऱ्या दोन बेअरिंगमध्ये ६० मिलिमीटर अंतर असेल आणि त्यांत एकूण ०.०२ मिलिमीटर ढिलाई असेल, तर पुढच्या बेअरिंगपासून ३०० मिलिमीटरवरच्या टोकाला ती ०.१ मिलिमीटर होऊन दिसते. बेअरिंगमधले अंतर दुप्पट केले की टोकाची ढिलाई निम्मी होते. याचाच अर्थ असा, की हात पूर्ण बाहेर आला तरी त्याचा पुरेसा भाग आधारात राहिला पाहिजे. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची रचना कमी जागेत मावते. पण प्रत्येक टप्पा आपली ढिलाई आधीच्या टप्प्याच्या ढिलाईत मिळवतो. अचूकता हवी असेल तर दोन टप्प्यांवर थांबणे शहाणपणाचे.

यानंतर मोटर. नेहमीची स्टेपर मोटर १.८ अंशांच्या २०० पावलांत एक फेरा पूर्ण करते. एका फेऱ्यात नट ८ मिलिमीटर सरकवणारा स्क्रू तिला जोडला तर एका पावलाला ०.०४ मिलिमीटर हालचाल मिळते. २ मिलिमीटर अंतरावर दाते असलेला पट्टा आणि २० दात्यांची पुली वापरली तर एक पाऊल ०.२ मिलिमीटरचे होते. पट्टा वेगवान, पण ताणला जाणारा. स्क्रू संथ, पण ताठ. नेमकेपणासाठी स्क्रू बरा. मोटर चालवणारे सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, एका पावलाचे सोळा भाग करतो, तेव्हा हिशेबात आकडा आणखी लहान होतो. पण भार आला की मोटरचा दांडा या भागांमध्ये थोडा मागे राहतो, म्हणून त्या आकड्यावर विसंबू नये.

स्क्रू आणि नट यांच्या आट्यांमध्ये थोडी फट असते. दिशा बदलली की ती भरून निघेपर्यंत हात हलतच नाही. यावर दोन उपाय आहेत: स्प्रिंगने आटे एका बाजूला दाबून ठेवणारा दुहेरी नट, किंवा प्रत्येक जागी नेहमी एकाच दिशेने पोचण्याची प्रोग्रॅममधली सोय. मोटर काम करताना तापते आणि थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या भागांचे पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. म्हणून मोटर धरणारा भाग धातूचा असावा.

बुडाशी हात फिरवणारा सांधाही असेल तर जास्त सावध राहावे. ४०० मिलिमीटर लांबीवर एका अंशाची चूक टोकाला सुमारे ७ मिलिमीटर होते. तिथे मोटर थेट न जोडता ढिलाई नसलेली गती-कपात हवी.

साध्या स्टेपर मोटरला एखादे पाऊल चुकल्याचे कळत नाही. त्यासाठी मागच्या टोकाला स्विच बसवून दर वेळी सुरुवातीला हात तिथे नेऊन शून्य निश्चित करावे. शेवटी ०.०१ मिलिमीटर दाखवणारा डायल गेज टोकाशी लावून हात एकाच जागी अनेकदा, दोन्ही दिशांनी आणि वजनासह पाठवावा. वाचने विखुरलेली आली तर ढिलाई शोधावी. ती एकसारखी पण चुकीची आली तर प्रोग्रॅममधला, अंतराचे पावलांत रूपांतर करणारा गुणक बदलावा. प्रोग्रॅमने दुरुस्त होते ती एकसारखी चूक. ढिल्या सांध्याला आणि झुकणाऱ्या नळीला प्रोग्रॅम सावरू शकत नाही. म्हणून महागड्या मोटरीआधी ताठ नळी आणि चांगल्या रुळावर खर्च करावा.