एक पट, दोन डाव

खेळण्यांच्या दुकानात पुठ्ठ्याचा घडीचा पट आजही मिळतो. एका अंगाला ल्यूडो, दुसऱ्या अंगाला सापशिडी. सोबत एक फासा आणि चार रंगांच्या सोळा सोंगट्या. हे दोनच खेळ पाठीला पाठ लावून का बसले, हा प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही.

पहिले कारण अगदी व्यवहारी आहे. ल्यूडोला प्रत्येकी चार सोंगट्या लागतात, सापशिडीला एकेक. फासा दोन्हीकडे तोच. बुद्धिबळासाठी बत्तीस मोहरी वेगळी द्यावी लागली असती. येथे एका सामानात दोन खेळ भागतात. सोंगटीला राजा-उंटासारखे रूप नसते, रंग असला की पुरे. म्हणून एखादी हरवली तरी बटण किंवा चिंचोका तिच्या जागी खुशाल बसतो.

दुसरे कारण इतिहासातले आहे. हे दोन्ही खेळ मूळचे आपलेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते विलायतेत गेले आणि नवे कपडे घालून परत आले. आपल्या पचीसीवरून बेतलेल्या ल्यूडोचे पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ साली घेतले गेले. सापशिडीचे मूळ ज्ञानचौपड. मराठीतील मोक्षपटाचे श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते.

या प्रवासात काय गळाले, हे पाहण्यासारखे आहे. पचीसीत कवड्या टाकतात. कवडी दोन्ही अंगांवर सारखीच पडते असे धरले, तर सहाही तोंडे वर येण्याचा योग चौसष्टात एकदा. तीन वर, तीन खाली हा योग मात्र वीसदा. म्हणजे मोठे दान दुर्मीळ, मधले नेहमीचे. खेळणारा त्या अंदाजाने सोंगटी पुढे काढतो किंवा राखतो. फाशाला सहाही आकडे सारखेच. त्यात ल्यूडोत सहा पडल्याविना सोंगटी घराबाहेर निघत नाही. पहिल्या तीन फेऱ्यांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता २१६ पैकी १२५, म्हणजे निम्म्याहून अधिक! 'माझे नशीबच फुटके' म्हणणाऱ्याने हा हिशेब ध्यानी ठेवावा.

आणखी एक गोष्ट गळाली, ती म्हणजे भिडू. पचीसीत समोरासमोरचे दोघे एका पक्षाचे. आपली सोंगटी पुढे दामटायची की भिडूसाठी मागे ठेवायची, हा विचार करावा लागे. ल्यूडोत ज्याचा तो. सापशिडीत तर विचारालाच जागा नाही. पण जुन्या पटावर घरांना नावे होती. सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेई, दुर्गुणाच्या घरी साप गिळी. दान दैवाचे असले तरी खेळणारा वाट वाचीत जाई. आज घरात नुसता आकडा उरला आहे. अमेरिकेत १९४३ साली आलेल्या आवृत्तीत तर सापही गेले आणि घसरगुंड्या आल्या.

माझी आजी कापडी पटावर खेळलेली. अलीकडे तिला माणसांची नावे आठवत नाहीत. मला ती कधी माझ्या आत्याच्या नावाने हाक मारते. पण कवड्या जमिनीवर पडल्या की न मोजता दान सांगते, आणि 'ही राख, ती मार' असा हुकूमही सोडते. तिचे काही नियम कुठल्याच डब्यावर छापलेले नाहीत. मी ते वहीत उतरवायला बसलो आहे. दोन पाने झाली. काही नियम रोज बदलतात, तेही तसेच लिहितो.

२०२० च्या टाळेबंदीत मोबाईलवर ल्यूडो पुष्कळ खेळला गेला. तेथे नियम यंत्राला ठाऊक असतात, भांडणाची सोय नाही. घरोघरचे नियम मात्र भांडणांतूनच टिकले. म्हणून मित्रहो, सुट्टीत गावी गेलात की फडताळातला जुना पट काढा, आणि तो खेळलेले माणूस घरात असेल तर आधी त्याच्यापुढे कवड्या टाका. पट पुढेही सापडेल.