चुका मोजणारे शिक्षक आणि चुका वाचणारा शिक्षक

वर्गातील 'ढ' समजल्या जाणाऱ्या मुलाची वही बहुधा लाल शेऱ्यांनी भरलेली असते. 'लक्ष नाही', 'अभ्यास केलेला नाही', 'पालकांनी भेटावे'. आमिर खान यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि अमोल गुप्ते यांनी लिहिलेल्या 'तारे जमीं पर' या चित्रपटाचा खरा कलाटणीबिंदू अशाच वह्यांमध्ये आहे. डिसेंबर २००७ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने 'डिस्लेक्सिया' हा वैद्यकीय शब्द मध्यमवर्गीय घराघरांत पोहोचवला.

कथा साधी आहे. इशान अवस्थी तिसरीत दुसऱ्यांदा बसला आहे. अक्षरे नाचतात, असे तो सांगतो आणि ते उद्धटपणाचे ठरते. मोठा भाऊ हुशार असल्याने तुलना अटळ. अखेर वडील त्याला निवासी शाळेत पाठवतात. या शाळेचे चित्रीकरण पाचगणीच्या न्यू एरा शाळेत झाले आहे. तेथे इशान मिटत जातो, चित्रे काढणेही सोडतो. मग हंगामी कलाशिक्षक म्हणून आलेले निकुंभ सर त्याच्या जुन्या वह्या चाळतात.

उलटी अक्षरे, गाळलेली अक्षरे, एकाच शब्दाची निरनिराळी स्पेलिंग. इतर शिक्षकांनी या चुका मोजल्या होत्या. निकुंभ त्यांच्यातील सूत्र शोधतात. आळशी मुलाच्या चुका कशाही असतात, या मुलाच्या चुका मात्र ठरावीक धाटणीच्या आहेत, हे त्यांना उमगते. वडिलांना ते एका खोक्यावरचा परक्या लिपीतील मजकूर वाचायला सांगतात आणि 'प्रयत्न करत नाही' या आरोपातला फोलपणा दाखवून देतात.

नेमके काय घडते?

डिस्लेक्सिया हा बुद्धीचा दोष नव्हे, डोळ्यांचाही नव्हे. शब्दातील ध्वनी सुटे करणे आणि ते अक्षरांशी जोडणे मेंदूला अवघड जाते. अनेकदा तो घराण्यात आढळतो. देवनागरीत काना-मात्रा, जोडाक्षरे, 'घ'-'ध' किंवा 'भ'-'म' अशी सारखी दिसणारी अक्षरे अशा मुलांना अडवतात. मात्र, लहान वयात अनेक मुले अक्षरे उलटी लिहितात. तेवढ्यावरून निदान करता येत नाही. त्यासाठी तज्ज्ञांकडून बुद्धिमापन व शैक्षणिक चाचण्या कराव्या लागतात.

ही ओळख नवी नाही. प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी १८९६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. स्वतःचे नाव लिहितानाही तो अक्षरांची अदलाबदल करी. शिकवणे केवळ तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. तेथेही मुलाची कुवत शिक्षकाला दिसली होती.

पडद्यापलीकडे

निकुंभ वाळूत अक्षरे गिरवून घेतात, मातीची अक्षरे करतात, पायऱ्यांवर गणित शिकवतात. एकाच वेळी अनेक इंद्रियांना कामाला लावण्याची ही पद्धत प्रत्यक्षातही वापरली जाते. चित्रपटाने सोपे केले आहे ते पुढचे. काही गाण्यांच्या अवधीत वाचता येऊ लागत नाही. डिस्लेक्सिया 'बरा' होत नाही, तर वर्षानुवर्षांच्या पद्धतशीर सरावाने मूल वाट काढायला शिकते. शिवाय प्रत्येक मुलात इशानसारखा चित्रकार दडलेला नसतो. स्पर्धा न जिंकणाऱ्या मुलालाही तितक्याच समजुतीचा हक्क आहे.

तो हक्क कायद्यात उशिरा आला. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या कायद्याने तिचा समावेश केला. परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना मिळतात.

मात्र प्रमाणपत्राच्या कितीतरी आधी कुणाला तरी शंका यावी लागते. ती पहिली शंका वर्गातच येऊ शकते. लाल पेन खाली ठेवून पान पुन्हा एकदा वाचले तर.