बाळाच्या पायावरचा लाल दिवा

नातवाच्या जन्मासाठी आम्ही दोघे लेकीकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला गेलो होतो. बाळ गुटगुटीत, रडणे खणखणीत. आठव्या दिवशी ब्रित मिला म्हणून मलिद्यासाठी पोहेही बरोबर नेले होते. दुसऱ्या दिवशी नर्सने बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला लाल दिव्याची पट्टी लावली. रक्तातला ऑक्सिजन निदान 95 टक्के हवा, तो 88 निघाला. बाळाला घरी सोडले नाही.

कॅलिफोर्नियात 2013 पासून प्रसूतिगृहांनी ही तपासणी पालकांना देऊ करावी, असा कायदा आहे. काही मिनिटांचे काम, सुई नाही.

मग हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, झाली. फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या चार शिरा हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात उघडतात. नातवाच्या चारही शिरा उजव्या बाजूला गेल्या होत्या. शुद्ध रक्त अशुद्धात मिसळत होते. दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होते, त्यातून थोडे रक्त डावीकडे जाई, म्हणून बाळ तगले. असा दोष साधारण दहा हजारांत एखाद्या बाळाला असतो आणि बहुतेक वेळा कारण सापडत नाही. "गरोदरपणी काय खाल्लेस?" असे आम्ही लेकीला विचारले, त्याची आजही लाज वाटते.

यावर इलाज ऑपरेशनच. फ्रीमाँटहून डम्बार्टन पूल ओलांडला की पालो आल्टोला स्टॅनफर्डचे मुलांचे रुग्णालय आहे. तिथे हृदयाचे काम यंत्राकडे देऊन शिरा डाव्या कप्प्याला जोडल्या, भोक बुजवले. वाटेत शिरा आवळलेल्या असतील तर ऑपरेशन तातडीने करावे लागते. पुढे शिरांची तोंडे अरुंद होऊ शकतात, म्हणून इको अधूनमधून करावाच लागतो.

मिला पुढे गेली. आजारी बाळाची मिला करू नये, पूर्ण बरे झाल्यावर सात दिवस थांबावे, हा आपला नियमच आहे. डॉक्टरांनी होकार दिल्यावर मिला झाली, मलिदाही झाला.

एखादीच शीर चुकलेली असेल तर हा दोष मोठेपणीही उघड होतो. दम लागणे, छातीत धडधडणे याला नुसते वय झाले म्हणू नये.

वाचकहो, अलिबागला असो, ठाण्याला की अश्दोदला, घरात बाळ जन्मले की घरी नेण्याआधी विचारा: हातापायाचा ऑक्सिजन पाहिला का? दूध पिताना बाळ दमते, घामाघूम होते, धापा टाकते किंवा ओठ निळसर दिसतात, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्या.